संस्कृती दोनच? सी. पी. स्नो यांचं छोटं पुस्तक आणि आपलं संशोधन



"पीएचडी करतेस? अरे वा! सायन्समध्ये की आर्ट्समध्ये?" संशोधन करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. मी 'भाषाविज्ञान' असं उत्तर दिलं की समोरचा गोंधळतो. 'भाषा' आहे म्हणून आर्ट्स म्हणावं, तर मागे 'विज्ञान' लागलंय. मग तोच तडजोड काढतो, "म्हणजे तसं आर्ट्सच ना!"

आता माझं काम काय असतं ते बघा. 'चहा' आणि 'चमचा' हे शब्द मोठ्याने म्हणा. दोन्हींतला च वेगळा आहे, लिहिताना मात्र आपण एकच अक्षर वापरतो. हा फरक मी ध्वनिमुद्रणातून मोजते. 'चमचा'तल्या च चा घर्षणाचा आवाज जास्त वारंवारतेला एकवटलेला दिसतो, 'चहा'तल्या च चा त्यापेक्षा खाली. हे आकड्यांचं काम. पण गावातली एखादी आजी नातवाशी एका पद्धतीने बोलते आणि मी रेकॉर्डर सुरू केला की 'शुद्ध' बोलायला लागते, ते का? त्यासाठी तिच्याजवळ बसावं लागतं, तिची शाळा, तिचं सासर, तिला कुणी कधी बोलण्यावरून हसलं होतं का, हे समजून घ्यावं लागतं. दोन्ही एकाच प्रबंधात येतं. मग मी कुठल्या रांगेत उभी राहू?

या रांगांबद्दलचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे सी. पी. स्नो यांचं 'द टू कल्चर्स'. उच्च शिक्षणावरच्या भाषणांत त्याचं नाव हटकून येतं. वाचलेलं असतंच असं नाही. म्हणून आज त्याबद्दलच लिहितेय. माझं म्हणणं आधीच सांगते. स्नो यांची तक्रार खरी होती, पण त्यांनी काढलेली रेघ चुकीच्या जागी आहे. आणि त्या रेघेवर विसंबून आपण संशोधन मोजायला लागलो की नुकसान दोन्हीकडच्यांचं होतं.

पुस्तकात आहे तरी काय?

पुस्तक म्हणजे मुळात एक व्याख्यान. ७ मे १९५९ रोजी केंब्रिज विद्यापीठात स्नो यांनी 'रीड व्याख्यान' दिलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. एका बैठकीत वाचून होतं. स्नो स्वतः प्रशिक्षणाने भौतिक शास्त्रज्ञ. नंतर कादंबरीकार झाले, सरकारात शास्त्रज्ञांच्या नेमणुका करणारे अधिकारी झाले. दिवसा शास्त्रज्ञांत आणि संध्याकाळी लेखकांत वावरणारा हा माणूस सांगतो की हे दोन गट एकाच शहरात राहतात, साधारण सारखंच कमावतात, बुद्धीनेही सारखेच आहेत, पण त्यांच्यात बोलणंच उरलेलं नाही.

त्यातला सगळ्यात लक्षात राहणारा किस्सा उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा. साहित्यिक मंडळी शास्त्रज्ञांच्या अडाणीपणाला हसत होती. तेव्हा स्नो यांनी त्यांना विचारलं, तुमच्यापैकी किती जणांना हा दुसरा नियम सांगता येईल? सगळे गप्प. स्नो यांच्या मते हा प्रश्न 'तुम्ही शेक्सपियर वाचलाय का' याच तोडीचा होता. (नियम अगदी घरगुती भाषेत सांगायचा तर, ठेवलेला चहा गार होतो, आपोआप पुन्हा गरम होत नाही.)

पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग लोक सहसा विसरतात. तो श्रीमंत आणि गरीब देशांबद्दल आहे. विज्ञान आणि उद्योग गरीब देशांत पोचवले तर ही दरी लवकर बुजेल, आणि बुजवावीच लागेल, असं स्नो कळकळीने सांगतात. इसवी सन २००० पर्यंत ती टिकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

१९६२ मध्ये केंब्रिजमधलेच समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी या पुस्तकावर इतका जहरी हल्ला चढवला की मुद्दा बाजूला राहिला आणि भांडणच गाजलं. १९६३ मध्ये स्नो यांनी पुस्तकाला एक लांबलचक पुरवणी जोडली. ती पुरवणी मला मूळ व्याख्यानापेक्षा महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

पटण्यासारखं काय?

स्नो यांचा राग मुळात शिक्षणपद्धतीवर आहे. इंग्लंडमध्ये मुलांना फार लवकर एका विषयात कोंडतात, असं ते म्हणतात. हे वाचताना आपल्याला दहावीचा निकाल आठवल्याशिवाय राहत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने एका फॉर्मवर खूण करायची, आणि तिथून पुढे इतिहास आवडणाऱ्याने गणिताला आणि गणित आवडणाऱ्याने इतिहासाला रामराम ठोकायचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही भिंत काढायची भाषा आहे, पण भिंत फक्त फॉर्मवर असती तर सोपं होतं. ती घराघरांत आहे.

आणि इथे एक गोष्ट नीट बघा. स्नो यांच्या चित्रात वरचढ कोण आहे? साहित्यिक. त्यांच्या इंग्लंडमध्ये 'बुद्धिवंत' म्हटलं की लेखक-समीक्षकच डोळ्यांसमोर यायचे, शास्त्रज्ञ नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आपल्याकडे उतार बरोबर उलटा आहे. आर्ट्स घेतलं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "का गं, मार्क कमी पडले?" मराठीत एम.ए. करणाऱ्या हुशार मुलीला घरच्यांना समजवावं लागतं, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारीला तेवढं नाही. त्यामुळे आपल्याकडच्या भाषणांत स्नो यांचं नाव घेऊन कला शाखेला झापलं जातं, तेव्हा औषध भलत्याच रोग्याला दिलं जातं. स्नो दुबळ्या बाजूसाठी भांडत होते, निदान त्यांना ती दुबळी वाटत होती. त्यांचं पुस्तक इथे आणायचं तर ही बाजू आधी ओळखायला हवी.

न पटणारं काय?

पहिली अडचण माझ्या मते सगळ्यात मोठी. स्नो यांच्या पहिल्या संस्कृतीत शास्त्रज्ञ आहेत, म्हणजे संशोधन करणारे लोक. दुसऱ्या संस्कृतीत कोण? कवी, कादंबरीकार, समीक्षक. इतिहासकार कुठे आहेत? पुरातत्त्ववाले, शिलालेख वाचणारे, भाषा अभ्यासणारे, पोथ्या जुळवणारे? जवळजवळ नाहीतच. म्हणजे तुलना संशोधकांची आणि लेखकांची झालीय. ही तुलना करा की, पण तिला 'विज्ञान विरुद्ध मानव्यविद्या' म्हणू नका. गायक आणि डॉक्टर यांच्या बैठकी वेगळ्या असतात एवढंच त्यातून कळेल.

दुसरी अडचण, विज्ञान म्हणजे त्यांच्या मनात बहुतेक वेळा भौतिकशास्त्रच असतं. भूगर्भशास्त्रज्ञ डोंगराचे थर वाचतो, उत्क्रांतीचा अभ्यासक जीवाश्म जुळवतो. त्यांच्या कामाची चाल भौतिकीच्या प्रयोगशाळेपेक्षा खूप वेगळी.

तिसरी अडचण पुराव्याची. पुस्तकातला बराचसा पुरावा म्हणजे स्नो यांच्या ओळखीचे लोक आणि त्यांच्याबरोबरची जेवणं. व्याख्यानात ते चालून जातं, पण त्यावर साठ वर्षं धोरणं रचणं जरा जास्तच झालं.

स्नो यांच्या बाजूने एक सांगायलाच हवं. 'दोन' हा आकडा धोक्याचा आहे, हे त्यांनी व्याख्यानातच कबूल केलं होतं. १९६३ च्या पुरवणीत तर ते म्हणतात की सामाजिक इतिहास, समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांतून तिसरं काहीतरी उभं राहतंय. उष्मागतिकीचं उदाहरणही त्यांनी मागे घेतलं आणि त्याऐवजी रेणवीय जीवशास्त्र कसोटीला घ्यावं असं सुचवलं. पण पुस्तकाचं नाव बदललं नाही, आणि जगाने नावच लक्षात ठेवलं.

आता तीन कामं बघू

नुसती टीका करून भागणार नाही. रेघ चुकीच्या जागी आहे असं मी म्हणते, तर दाखवायला हवं. स्नो यांची उदाहरणं केंब्रिजची, मी माझ्या जवळची घेते. तिन्ही पुणे जिल्ह्यात सापडतात.

पहिलं काम नाण्यांचं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबें गावचा. हार्वर्डला शिकलेले, फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र मांडलं, ते आजही 'कोसंबी फलन' म्हणून आनुवंशशास्त्रात वापरतात. हाच माणूस तक्षशिलेत सापडलेली चांदीची आहत नाणी तराजूत तोलत बसला.

कशासाठी? या नाण्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं, नुसत्या खुणा ठोकलेल्या असतात. मग आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे ठरवायचं कसं? कोसंबींनी साधा विचार केला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरणार. शिवाय प्रत्येक नाणं सारखंच झिजत नाही, म्हणून त्यांच्या वजनांतली तफावत वाढत जाणार. एका नाण्यावरून काहीच कळत नाही, ढीगभर नाणी तोलली की काळाचा क्रम दिसायला लागतो. नाण्याच्या मागच्या बाजूला वेळोवेळी ठोकलेल्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांना आढळलं.

हे गणित की इतिहास? तराजू तुम्हाला क्रम सांगेल. पण ती खूण कुठल्या घराण्याची, त्या काळी व्यापार कोण करत होतं, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी कोसंबी ग्रंथांकडे गेले, डोंगरवाटा तुडवत गेले, वेशीवरच्या देवतांकडे गेले. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले, होणारच. पण वाद घालणाऱ्यालाही आधी वजनांचं उत्तर द्यावं लागतं, ही त्यांची कमाई. आणि याच गणितज्ञाने १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही काढली, हे जाता जाता.

दुसरं काम पोथ्यांचं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या बाराशेहून जास्त हस्तलिखितांतले पाठ ताडून बघायचे होते. काम संपलं १९६६ मध्ये. सुखटणकर १९४३ मध्येच गेले होते.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. लहिया पोथी उतरवताना चुका करतो. त्या पोथीवरून दुसरा उतरवतो, तेव्हा आधीच्या चुका तशाच येतात आणि नव्याची भर पडते. म्हणजे दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक दिसली, तर बहुधा त्यांची आई एक. अशा सारख्या चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो आणि मागे मागे जाता येतं. या चाळणीत काय गळलं? गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती नाही.

आता जीवशास्त्राकडे वळा. दोन प्राण्यांत नंतर आलेलं तेच वैशिष्ट्य सापडलं, तर त्यांचा पूर्वज एक असावा, असं धरून उत्क्रांतीचा वृक्ष काढतात. युक्तिवाद तोच. लहियाच्या चुकीच्या जागी जनुकातला बदल ठेवा, झालं. १९९८ मध्ये तर 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात जीवरसायनशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक यांनी मिळून एक लेख लिहिला. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाची ५८ हस्तलिखितं घेतली आणि जीवशास्त्रज्ञ वंशवृक्षासाठी वापरतात त्याच संगणकीय पद्धतींनी त्यांचा वंश लावला.

गंमत म्हणजे दोघांची डोकेदुखीही एकच. एखादा हुशार लहिया समोर दोन पोथ्या ठेवून दोन्हींतलं निवडून उतरवतो, मग झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. महाभारतात ही सरमिसळ इतकी आहे की सरळ वंशवृक्ष काढता येत नाही, हे सुखटणकरांनी स्वतः मांडलंय. जीवाणूही आईबापांकडूनच नव्हे तर शेजाऱ्याकडूनही जनुकं उचलतात. त्यांचंही झाड असंच गुंततं. स्नो यांच्या हिशेबाने सुखटणकर आणि जीवाणूवाले दोन वेगळ्या संस्कृतींतले. पण चहाच्या टपरीवर गाठ पडली तर त्यांचं एकमेकांशी छान जमेल. एखाद्या भौतिक शास्त्रज्ञाशी जमायला कदाचित जास्त वेळ लागेल.

तिसरं काम आकाशाचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात साधारण २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या. तिथला खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यावर प्रयोग करू शकत नाही. तारा तापवून बघता येत नाही, दीर्घिका पुन्हा नव्याने बनवता येत नाही. फार पूर्वी, कधीकधी अब्जावधी वर्षांपूर्वी, निघालेला एक क्षीण संकेत येतो. त्यात मोबाइलचा, वाहनांचा, विजेच्या तारांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो गोंगाट ओळखून बाजूला काढायचा आणि उरलेल्यातून काय घडून गेलं ते ताडायचं.

गाळसाळ बाजूला काढून मूळचं शोधणं, हेच तर पोथीवाला करतो. आणि आपला शब्दही तेच सांगतो. 'संशोधन'मध्ये 'शोधन' आहे, म्हणजे शुद्ध करणं. १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने मंडळ निघालं तेव्हा त्याला 'भारत इतिहास संशोधक मंडळ' असं नाव मिळालं, आणि हाच शब्द आज प्रयोगशाळेच्या पाटीवरही असतो. 'शास्त्र' शब्दाचंही तसंच. रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, नाट्यशास्त्र, पाकशास्त्र, आपल्या भाषेत सगळी एका ओळीत बसतात. दहावीच्या फॉर्मवर 'शास्त्र शाखा' असं लिहून आपण तो शब्द आकसून घेतला.

मग फरक नाहीतच का?

आहेत, भरपूर आहेत. 'सगळं ज्ञान एकच' असं गोडगोड म्हणून मला हा लेख संपवायचा नाही. फरक आहेत, फक्त ते दोन गठ्ठ्यांत बसत नाहीत. मला चार तरी दिसतात.

एक, पुरावा कुठून येतो. काहींना तो घडवता येतो, प्रयोग करून. काहींना मागे उरलेला वेचावा लागतो. रसायनवाला पहिल्यात, खगोलवाला आणि इतिहासकार दुसऱ्यात.

दोन, अभ्यासाचा विषय उलट बोलतो का. दगड आणि तारे बोलत नाहीत. माणसं बोलतात. मी उच्चारांचा अभ्यास करतेय हे कळताच आजींचे उच्चार बदलतात. समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि औषधांच्या चाचण्या घेणारे डॉक्टर यांना हा प्रश्न सुटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची वाटचाल इथे आठवते. बर्लिनमध्ये कवट्यांची मोजमापं घेऊन पीएचडी, मग भारतभरच्या नात्यागोत्यांचा अभ्यास, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर आधारलेलं 'युगान्त'. प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा, म्हणून हत्यारही वेगळं.

तीन, उत्तर कधी 'पूर्ण' होतं. गणितातली सिद्धता एकदा तपासून पक्की झाली की झाली. 'युगान्त'मधली कुंती किंवा द्रौपदी मात्र शेवटची म्हणता येत नाही. पुढच्या पिढीने नवा प्रश्न विचारला की ती पुन्हा वाचावी लागते. म्हणून ते वाचन 'फक्त मत' ठरत नाही. संहितेत नसलेलं तिच्या तोंडी घातलं तर ते चूकच.

चार, काम किती जणांचं आणि किती वेळाचं. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक लेख आला, लेखक ५१५४. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. उलट इतिहासाचा ग्रंथ बहुधा एकटा माणूस वर्षानुवर्षं लिहितो. गणितज्ञ नावं आडनावाच्या अकारविल्हे लावतात. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं.

हे सगळं महत्त्वाचं का?

कारण या फरकांवर एकच फूटपट्टी ठेवली जाते, आणि तिच्यावर लोकांच्या नोकऱ्या ठरतात.

'इम्पॅक्ट फॅक्टर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. युजीन गारफील्ड यांच्या संदर्भसूचीतून तो आला. ग्रंथालयांना कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी, हा त्याचा एक मूळ उपयोग. गणित साधं आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा या वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला. दोन वर्षं! महाभारताचं काम ४७ वर्षं चाललं. गणितातला एखादा लेख दहा वर्षांनी कुणाला तरी उपयोगी पडतो. म्हणजे ही पट्टी फक्त 'आर्ट्स'वर अन्याय करते असं नाही, ती संथ चालणाऱ्या प्रत्येक कामाला आखूड भरवते, मग ते विज्ञान का असेना. 'पहिला लेखक असाल तर जास्त गुण' हा नियम घ्या. तो गणितज्ञाच्या आडनावाला गुण देतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणं आणि दोन सादर करणं सगळ्या विषयांना सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, हे चांगलं झालं. पण दरम्यान पैसे भरून काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला तो फोफावलाच, आणि ठिकठिकाणच्या अर्जांत ती पट्टी अजून आहे. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात मला प्रत्येक लेखापुढे इम्पॅक्ट फॅक्टर भरायचा होता. रकाना रिकामा सोडायची सोय नव्हती. ज्यांच्या बोलीवर मी काम करते त्यांना वाचता यावा म्हणून मराठीत लिहिलेल्या लेखापुढे शून्य टाकावं लागलं. माझ्या कामात त्या लेखाइतकं तपासलं गेलेलं दुसरं काहीच नाही, कारण गावातल्या लोकांनी तो वाचून "आमच्याकडे असं म्हणत नाहीत" म्हणून मला दोन जागा दाखवल्या होत्या. हे तपासणं कुठल्या रकान्यात टाकायचं?

जगभर या पट्टीविरुद्ध बोललं जातंय. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक जाहीरनामा तयार झाला, 'डोरा' म्हणतात त्याला. माणसाचं काम नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नका, एवढंच त्याचं मुख्य म्हणणं. लक्षात घ्या, तो काढणाऱ्यांत पुढे होते ते पेशीजीवशास्त्रज्ञ. म्हणजे दुखतंय ते 'त्यांना'ही.

इथे कुणी विचारेल, मग मोजायचंच नाही का? लोकांच्या करातून पैसे येतात, हिशेब नको? हवाच. पण हिशेब घ्यायचा तर काम वाचावं लागेल, आणि ते त्या विषयातल्या माणसाने वाचावं लागेल. संपादकाने किती पोथ्या बघितल्या, पाठ का निवडला, याचा हिशेब चिकित्सक आवृत्तीच्या प्रत्येक पानाखाली दिलेला असतो. तो कुठल्याही प्रयोगशाळेच्या वहीइतका कडक आहे. वाचायला वेळ लागतो, खरंय. पण वेळ वाचवायला आपण आकडा घेतला आणि त्या आकड्यासाठी लोक काम बदलायला लागले. जो विद्यार्थी वीस वर्षं पुरेल असा प्रश्न घेणार होता, तो दोन वर्षांत छापून होईल असा घेतो. हे नुकसान कुठल्याच यादीत दिसत नाही.

तर मग पुस्तक वाचावं का?

जरूर वाचा. छोटं आहे, भाषा सरळ आहे, आणि एका माणसाला खरोखर काहीतरी खुपतंय हे पानोपानी जाणवतं. फक्त दोन गोष्टी करा. १९६३ ची पुरवणी वगळू नका. आणि दर वेळी 'शास्त्रज्ञ' किंवा 'साहित्यिक' हा शब्द आला की थांबून विचारा, नेमका कोण? खोडदचा की प्रयोगशाळेतला? कादंबरी लिहिणारा की पोथी जुळवणारा? निम्मी विधानं तिथेच डळमळतात, आणि जी उरतात ती विचार करण्यासारखी आहेत.

आणि ओळखीत कुणी पीएचडी करणारं असेल, तर 'सायन्स की आर्ट्स' ऐवजी एकदा हे विचारून बघा: "तुझं म्हणणं चूक आहे असं तुला कशावरून कळेल?" नाणी तोलणारा, पोथ्या लावणारा, दुर्बिणीवरचा, आजींशी बोलणारी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. जी उत्तरं मिळतील ती खाली प्रतिक्रियांत लिहा. त्यातली काही घेऊन पुढच्या वेळी बोलू.